गृहस्थाचें यंत्रज्ञान : गाडींतील एक पोर्ट आणि अनेक उपकरणें

मोटारीबरोबर आलेला साधा रेडिओ काढून त्या जागीं बाजारांतून पडद्याचें हेड युनिट बसवून घेण्याची चाल आतां बरीच रूढ झाली आहे. परंतु एकत्र कुटुंबाची गाडी म्हटली म्हणजे मागण्याही एकत्रच येतात. वडील मंडळींस पेनड्राइव्हवरील नाट्यगीतें हवींत, चालकास फोनवरील नकाशा हवा, पुढच्या कांचेवर डॅशकॅम हवा, आणि मागें बसलेल्या मुलांचे फोन तर सदैव उपाशीच! यूएसबीचे पोर्ट मात्र एक किंवा दोन. मग स्वस्तांतला एक हब आणून सर्व कांहीं त्यांत खोंचावें, हा सोपा उपाय सुचतो. तो पुष्कळदां फसतो. तो कां फसतो हें कळलें म्हणजे योग्य मार्गही कळतो.

यूएसबीची पद्धति १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या शिल्पकारांपैकीं एक, इंटेल कंपनींतील अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. या पद्धतींत यजमान एकच, बाकीचे सर्व पाहुणे. येथें हेड युनिट हा यजमान. नियमाप्रमाणें एका यजमानाकडे १२७ उपकरणें नांदूं शकतात; तेव्हां अडचण संख्येची नसून अन्नाची व ओळखीची आहे.

प्रथम अन्न, म्हणजे वीज. यूएसबी २.० च्या तारेंत चार तंतु असतात; दोन वीज नेतात, दोन माहिती. अशा पोर्टानें ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॉट द्यावयाचे असतात. ज्या हबास स्वतःची वीज नाहीं, तो हा शिधा वाढवीत नाहीं, केवळ वांटतो. नियमानें त्याच्या प्रत्येक पोर्टाच्या वांट्यास १०० मिलिअँपिअरच येतात. त्यांत फोन आणि कॅमेरा यांचें कसें भागावें? विजेचा दाब घसरतो, उपकरणें सुटतात व पुन्हा जोडलीं जातात, आणि ऐन घाटाच्या वळणावर नकाशा नाहींसा होतो. चालकाची दृष्टि रस्ता सोडून पडद्याकडे वळते. खरा धोका तोच.

दुसरी गोष्ट ओळखीची. हेड युनिटास हब ओळखतां आला पाहिजे. कित्येक युनिटांच्या पुस्तिकेंत हब चालणार नाहीं असें स्पष्ट लिहिलेलें असतें. तें आधीं वाचावें. शिवाय तारेनें कारप्ले चालवितांना आयफोन स्वतःच यजमानाची भूमिका घेतो, आणि सामान्य हब ही अदलाबदल होऊं देत नाहीं.

यावरून व्यवस्था अशी ठरते. नकाशाचा फोन थेट हेड युनिटास जोडावा. ज्यांस केवळ वीज हवी, त्यांना हेड युनिटाच्या दारीं बसवूंच नये; मुलांचे फोन १२ व्होल्टच्या सॉकेटांतील चार्जरवर लावावे. स्वतःच्या कार्डावर चित्रण करणारा डॅशकॅमही याच वर्गांतला. एवढ्यानें निम्मी गर्दी हटते. पेनड्राइव्ह किंवा पडद्यावर दिसणारा यूएसबी कॅमेरा, अशा माहितीची देवघेव करणाऱ्या वस्तु उरल्या, तर त्यांच्यासाठीं स्वतंत्र विजेचा हब घ्यावा.

त्या हबाची वीज १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधून, फ्यूज घालून, आणि किल्ली फिरवितांच बंद होणाऱ्या तारेवरून घ्यावी. फ्यूज नसल्यास तारा पेटण्याचें भय, आणि सदैव चालू तारेवरून वीज घेतल्यास उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याचें. हब हेड युनिटाकडे उलट वीज पाठविणारा नसावा, हेंही दुकानदारास विचारून घ्यावें. तार जाड व शक्य तितकी आंखूड असावी; यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटरांची आहे.

सर्व तारा डॅशबोर्डाआड दडविण्यापूर्वीं तात्पुरती जोडणी करून आठवडाभर गाडी चालवून पाहावी. कोणास वीज हवी आणि कोणास माहिती, एवढा भेद घरांतील एकानें जरी ध्यानीं ठेवला, तरी प्रवासांत सर्वांचें समाधान होईल व चालकाचें लक्ष रस्त्यावर राहील.