किल्ल्यांचा हिशेब

दुकान वाढविताना कुलूप लावावे आणि किल्ली कमरेला खोचावी, एवढी दक्षता आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी पुरेशी होती. आज दुकानाचा गल्ला, खतावणी, गिऱ्हाइकांची यादी आणि बँकेचे व्यवहार हे सारे संगणकात असते. त्याची किल्ली म्हणजे केवळ काही अक्षरांचा एक परवलीचा शब्द, ज्यास सर्वजण पासवर्ड म्हणतात. ही किल्ली नेमकी कोणाकोणापाशी आहे, हा प्रश्न आपल्यापैकी किती व्यावसायिकांनी स्वतःस विचारला असेल? तो न विचारल्याने काय घडते, याचे एक ठळक उदाहरण याच देशातील आहे.

७ मे २०२१ रोजी पहाटे कलोनियल पाइपलाइन या कंपनीतील एका कर्मचाऱ्यास संगणकाच्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली. टेक्सासमधील ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे ५,५०० मैल पसरलेल्या वाहिनीतून ही कंपनी इंधन वाहून नेते. पूर्व किनाऱ्यास लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के इंधन त्या वाहिनीतून येत असे. चोरांनी कंपनीच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केली आणि ती उघडून देण्यासाठी पैसे मागितले. संकट आणखी पसरू नये म्हणून कंपनीने स्वतःच सारी वाहिनी बंद केली. १२ मे रोजी ती पुन्हा सुरू होईपर्यंत आग्नेयेकडील राज्यांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या व कित्येक पंप कोरडे पडले.

एवढ्या बलाढ्य कंपनीत चोर शिरले कसे? कर्मचाऱ्यांना घरून काम करता यावे म्हणून ठेवलेले एक जुने खाते होते. ते कोणी वापरीत नव्हते, परंतु बंदही केलेले नव्हते. त्याचा पासवर्ड चोरांच्या हाती लागला आणि त्या एका शब्दावर दार उघडले. कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी जून २०२१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, तो पासवर्ड साधासोपा नव्हता, चांगला अवघड होता. येथेच या प्रकरणाचे मर्म आहे. किल्ली कितीही नक्षीदार असली तरी ती दुसऱ्याच्या हाती पडल्यावर तिचा उपयोग तो. त्या दारास दुसरी कडी नव्हती. म्हणजे पासवर्ड दिल्यानंतर आपल्या फोनवर येणारा आकडा मागण्याची व्यवस्था तेथे नव्हती.

कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लक्ष डॉलर खंडणी दिली. मोबदल्यात मिळालेले साधन इतके मंद निघाले की, कंपनीस स्वतः जपून ठेवलेल्या प्रतींचाच आधार घ्यावा लागला. पुढे सरकारने खंडणीचा बराच भाग परत मिळविला, ही गोष्ट वेगळी. तात्पर्य हे की, पैसे देऊनही तारले ते पूर्वीच्या दक्षतेनेच.

“आमचे दुकान ते केवढे? आमच्यावर कोण डोळा ठेवणार?” असे काही वाचक म्हणतील. त्यांनी टार्गेट या प्रसिद्ध दुकानसाखळीची कथा ऐकावी. २०१३ च्या नाताळच्या हंगामात या दुकानांतून सुमारे ४ कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आले ते टार्गेटच्या दारातून नव्हे. पेनसिल्व्हेनियातील शीतयंत्रांची कामे करणारा एक लहान ठेकेदार होता. टार्गेटशी संगणकावर व्यवहार करण्यासाठी त्यास दिलेली किल्ली चोरांनी आधी लांबविली. लहान माणसाकडे चोरण्याजोगे काही नसले, तरी त्याच्याकडे मोठ्यांच्या घराची किल्ली असू शकते. आपला हिशेबनीस, आपला माल पुरविणारा, आपले संगणक दुरुस्त करणारा, या प्रत्येकाच्या हाती आपली एखादी किल्ली असते, आणि आपल्या हाती कोणाची तरी.

चोरीचा दुसरा प्रकार याहून साधा आहे. त्यात कुलूप फोडावेच लागत नाही, कारण मालकच आपल्या हाताने तिजोरी उघडून देतो. न्यूयॉर्कच्या प्रख्यात उद्योजिका बार्बरा कॉर्कोरन यांच्या हिशेबनीस बाईंना २०२० च्या फेब्रुवारीत एक ई-मेल आला. कॉर्कोरन यांच्या साहाय्यिकेच्या नावाने आलेल्या त्या पत्रात एका जर्मन संस्थेचे जवळजवळ ४ लक्ष डॉलरचे बिल चुकते करण्यास सांगितले होते. हिशेबनीस बाई गाफील नव्हत्या. त्यांनी उलट प्रश्न विचारले. परंतु ते त्याच पत्राला उत्तर म्हणून विचारले, आणि चोरांनी त्यांना समाधानकारक उत्तरे दिली! पत्त्यात एक अक्षर कमी होते, एवढाच काय तो भेद. शुद्धलेखन तपासताना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील ऱ्हस्वदीर्घ आम्ही शिक्षक डोळ्यांत तेल घालून पाहतो. तीच नजर येथे हवी. सुदैवाने चूक लौकर कळली, बँकांनी रक्कम वाटेतच अडविली आणि पैसे परत मिळाले. सर्वांचे दैव असे नसते. एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात आलेल्या तक्रारींनुसार अशा फसव्या पत्रांमुळे सुमारे २९० कोटी डॉलर बुडाले.

आणखी एक गोष्ट व्यावसायिकांनी ध्यानी घ्यावी. बँकेतील इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसंबंधी १९७८ चा जो अमेरिकी कायदा आहे, त्याचे संरक्षण घरगुती खात्यांस आहे. धंद्याच्या खात्यांस नाही. घरखात्यातून चोरी झाली तर कायदा पाठीशी उभा राहतो, या भरवशावर दुकानाच्या खात्याविषयी निश्चिंत राहणे घातक होय.

चोर वेळ साधतात तीही मोठ्या हुशारीने. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातील मोठा भाग ११ ऑगस्टच्या शनिवारी, अवघ्या काही तासांत, अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून काढला गेला. सुट्टीच्या व सणाच्या दिवसांत असे हल्ले होतात, असा इशारा येथील सरकारनेही २०२१ मध्ये दिला होता. तेव्हा सणासाठी दुकान बंद ठेवताना, काही विपरीत घडल्यास कोणी कोणास फोन करावयाचा, हे आधीच ठरवून ठेवावे.

मग करावे काय? वर्षातून दोनदा, माल मोजतो तसा, किल्ल्यांचाही हिशेब करावा. कोणते खाते कोणाच्या नावे आहे ते वहीत उतरवावे. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नये आणि बँक व ई-मेल यांस दुसरी कडी अवश्य लावावी. हिशेबाची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी व ती खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. पैसे पाठविण्याचे किंवा खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आल्यास, त्या पत्रातील नव्हे तर आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून माणसाचा आवाज ऐकावा. मोठ्या रकमेस दोघांची संमती असावी. आणि फसगत झालीच तर लाजेपायी एक तासही दवडू नये. प्रथम बँकेस व लगेच एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रास कळवावे.

यांपैकी एकाही गोष्टीस फारसा पैसा लागत नाही. लागते ती सवय. शिवाय घरातील तरुण मंडळींस “तुला सारे येते” असे म्हणून हे काम त्यांच्यावर सोपवून मोकळे होऊ नये. यंत्र त्यांना अधिक कळत असेल, परंतु कोणावर किती विश्वास टाकावा हे धंद्यात केस पांढरे केलेल्यांसच अधिक कळते. दोघांनी एकत्र बसून हा हिशेब करावा, आणि तो येत्या रविवारीच करावा. पुढच्यास ठेच लागली आहे. मागच्याने शहाणे व्हावयाचे की नाही, एवढेच आता ठरवावयाचे आहे.