तळमळ आणि समाधान

आमच्या सुशिक्षित वर्गांत धर्माचा विषय निघाला, कीं एक ठरलेला निर्णय फारशा विचारावांचून दिला जातो. मनुष्य दुबळा आहे, त्याला आधार हवा असतो, म्हणून तो ईश्वर कल्पितो आणि आपल्याच कल्पनेच्या कुशींत निर्धास्त निजतो! १८४१ सालीं फॉयरबाखनें ईश्वर हें मनुष्याच्याच गुणांचें बाहेर पाहिलेलें प्रतिबिंब होय असें प्रतिपादिलें आणि १९२७ सालीं फ्रॉइडनें धर्मास इच्छेंतून उपजलेला भ्रम ठरविलें. हीं दोन नांवें उच्चारलीं, म्हणजे वाद संपला अशी कित्येकांची समजूत दिसते. भ्रम म्हणजे असत्यच असें नव्हे, ही फ्रॉइडनें स्वतःच केलेली पुस्ती मात्र हे पंडित सोयीस्करपणें विसरतात. कॅथलिक पंथाविषयीं तर ही समजूत अधिकच दृढ आहे. मेणबत्त्या, धूप, मूर्ति आणि पापनिवेदन हा सारा संभार त्यांना सांत्वनाची सोय वाटतो. परंतु ज्या मतावर हा आरोप केला जातो तें मत कॅथलिक धर्माचें नव्हेच, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यानें मनुष्याचें परमसुख कशांत आहे हा प्रश्न घेतला. संपत्ति, मान, कीर्ति, सत्ता, शरीरसंपदा, विषयसुख, आत्म्याचें स्वतःचें ऐश्वर्य आणि शेवटीं कोणतीहि निर्मित वस्तु, असे आठ पक्ष त्यानें एकामागून एक उभे केले आणि एकेक करून खोडून काढले. उरलें तें केवळ ईश्वराचें साक्षात् दर्शन. आणि तेंहि मनुष्यास स्वबळानें मिळावयाचें नाहीं, असें तोच बजावतो. इच्छा स्वाभाविक, पूर्ति मात्र सर्वस्वीं कृपेच्या स्वाधीन! १९४६ सालीं आंरी द ल्युबाक या जेझुइट पंडितानें या स्वाभाविक इच्छेवर भर दिला, तेव्हां मोठा वाद माजला. इच्छा स्वभावसिद्ध मानली तर तिची पूर्ति हें ईश्वराचें देणें ठरेल आणि कृपा ही कृपाच राहणार नाहीं, अशी विरोधकांस भीति वाटली. १९५० सालच्या परिपत्रकांत पोप बारावे पायस यांनींहि कृपेच्या या निरपेक्षतेस बाध आणणाऱ्या मतांचा निषेध केला. जो धर्म मनुष्याच्या इच्छेस पूर्तीचा हक्कहि देण्यास इतका कचरतो, त्यानें केवळ इच्छेच्या जोरावर ईश्वर निर्माण केला असें म्हणणें कितपत सयुक्तिक आहे?

सिद्धान्त बाजूस ठेवून अनुभव पाहूं. क्रुसाचा संत योहान याला त्याच्याच संघांतील बंधूंनीं १५७७-७८ मध्यें टोलेडो येथें सुमारें नऊ महिने कोठडींत ठेविलें होतें. त्याची शिकवण अशी कीं, साधकानें प्रार्थनेंतील गोडीचाहि लोभ सोडावा. नाहींतर तो ईश्वराऐवजीं गोडीचाच उपासक होतो. लिझ्यू येथील संत तेरेजा पंधराव्या वर्षीं मठांत गेली आणि १८९७ सालीं चोविसाव्या वर्षीं क्षयानें वारली. तिच्या आयुष्याचे शेवटचे सुमारें दीड वर्ष असे गेले कीं, ज्या स्वर्गाच्या विचारांत ती लहानपणापासून रमली होती, तोच विचार तिला झुंजीचा व यातनेचा झाला. मदर तेरेसा यांचीं आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांस लिहिलेलीं पत्रें २००७ सालीं प्रसिद्ध झालीं. तीं नष्ट व्हावींत अशी त्यांची इच्छा होती. जवळजवळ पन्नास वर्षें या बाईंना ईश्वराचें सान्निध्य जाणवत नव्हतें, ही गोष्ट त्या पत्रांनीं उघड केली. ज्यांची इच्छा सर्वांत उत्कट, त्यांच्याच वांट्यास सांत्वन इतकें थोडें यावें, हें इच्छापूर्तीच्या उपपत्तींत कसें बसवावयाचें?

यावर प्रतिपक्षी म्हणेल, कीं हा निव्वळ हट्ट. व्रत घेतल्यावर मागें फिरण्याची लाज! असेलहि. परंतु मग त्यानें आपली उपपत्ति बदलली, हें त्यानें कबूल करावें. सुख देतो म्हणून धर्म खोटा आणि सुख देत नाहीं तरी तो सुटत नाहीं म्हणूनहि खोटा, असे दोन्हीं बाजूंनीं कापणारें शस्त्र तर्कशास्त्राच्या शस्त्रागारांत नाहीं.

तितक्याच स्पष्टपणें भाविक प्रवचनकारांसहि बजावणें प्राप्त आहे. तळमळ हा ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे. भूक लागली म्हणून ताटांत अन्न येत नाहीं. १८७० सालीं व्हॅटिकन येथील धर्मपरिषदेनें ईश्वराचें निश्चित ज्ञान बुद्धीस सृष्टीवरून होऊं शकतें असें ठरविलें. मनाच्या हुरहुरीवर तिनें तें उभारलें नाहीं. अंतःकरणांतील पोकळी ईश्वर हमखास भरून काढील, असें श्रोत्यांस सांगणारा प्रवचनकार नकळत फ्रॉइडचाच साक्षीदार होतो.

मग या तळमळीचें कार्य तरी काय? आमच्या मतें, ती अक्वायनसच्या आठ पक्षांचा निकाल प्रत्येकाच्या आयुष्यांत पुनःपुनः लावीत असते. पैसा, पक्ष, राष्ट्र, विद्वत्ता, किंबहुना स्वतःची धार्मिकता, यांपैकीं जें जें "मी पुरेसें आहें" असें म्हणूं लागेल, त्याला ती "नाहींस" असें उत्तर देते. ईश्वर मानणें वा न मानणें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु ही तळमळ म्हणजे दुबळ्यांची उशी होय असें म्हणणाऱ्यानें तिच्यावर एक रात्र तरी डोकें टेकून पाहावें.