न फिरवल्यामुळे

घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली? या जुन्या कोड्याचे उत्तर आपण सर्वांनी लहानपणी दिले आहे : न फिरवल्यामुळे. शिडाच्या नौकेचे इंजिन का बिघडते, याचेही उत्तर पुष्कळदा हेच असते.

शिडाला इंजिन कशाला, असे कुणी विचारील. भर समुद्रात वाऱ्यावर भागते. परंतु बंदराच्या तोंडाशी वारा पडला आणि बाजूला खडक असले, की लहानसे डिझेल इंजिनच तारते. वर्षात ते थोडेच तास चालते. मालकाला वाटते, चाललेच नाही तर ऑईल कशाला बदलायचे? वस्तुतः थोडे चालून लगेच थंड होणाऱ्या इंजिनाच्या ऑईलमध्ये पाण्याचा अंश व ज्वलनातील आम्ले साचतात आणि उभ्या इंजिनाचे बेअरिंग खात बसतात. म्हणूनच कारखानदार तासांची मर्यादा देऊन पुढे लिहितात, ‘किंवा वर्षातून एकदा’. पावसाळ्यासाठी नौका बांधून ठेवायची तर जुने ऑईल आधीच काढावे. चार महिन्यांनी नव्हे.

काम किचकट आहे. मोटारीखाली आडवे होऊन चेंबरचा नट सोडता येतो. नौकेत तिथे हात पोचत नाही. म्हणून इंजिन थोडे चालवून ऑईल पातळ करायचे, डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून पंपाने ओढायचे आणि फिल्टर बदलायचा. ऑईल काळे दिसले तरी घाबरू नये; काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच. दुधाळ दिसले तर मात्र पाणी शिरले असे समजावे. काढलेले ऑईल डब्यात भरून किनाऱ्यावर आणावे, समुद्रात ओतू नये.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घसारा काढायला शिकतो. घसारा लांबवायला शिकत नाही. ‘दुरुस्ती व देखभाल’ हे खाते नफा खाते म्हणून कात्री प्रथम तिथेच लागते. अशी काटकसर म्हणजे पुस्तकात न दाखवलेले कर्ज होय, असे माझे स्पष्ट मत आहे. दर महिन्याला उगाच ऑईल बदलावे असे मी म्हणत नाही. तास, तारीख व पातळी यांची रोजकीर्द ठेवावी, म्हणजे उधळपट्टी होत नाही आणि हयगयही होत नाही.

आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचे नाव घेतलेली नौदलाची नौका गोव्यात बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोन नौदल अधिकारी ‘तारिणी’वरून तसाच फेरा मारून गोव्याला परतल्या. आपण टाळ्या वाजवतो त्या शिडासाठी. पण अशा सफरीत बरोबर मिस्त्री नसतो. जो कप्तान, त्याचेच हात ऑईलने काळे होतात.

नव्या यंत्राला हार-नारळ मिळतात, देखभाल करणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. उद्या हिशेबाची पुस्तके ज्यांच्या हाती येणार, त्या माझ्या मराठी व कन्नड मित्रांनी देखभालीच्या रकमेवर लाल रेघ मारण्यापूर्वी एकदा स्वतः डिपस्टिक ओढून पाहावी.