उसने आयुर्मान

मराठीत पाळीव कुत्र्यामांजरांविषयी लिहिले गेलेले लेखन थोडे नाही. ललित निबंधांत, आठवणींत, दिवाळी अंकांतील व्यक्तिचित्रांत ती वारंवार भेटतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी'सारख्या लेखात ती विनोदाचा विषय होतात, इतरत्र बहुधा करुणेचा. या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचा एक साचा ठरून गेलेला आहे. पिलू घरी येते, त्याचे नाव ठेवले जाते, ते घरादाराला लळा लावते आणि अखेरीस 'जाते'. कशाने जाते, हे मात्र सांगितले जात नाही. 'दोन दिवस काही खाल्ले नाही आणि गेला' एवढ्यावर प्रकरण आटोपते. वय किती होते, आजार कोणता होता, तो टाळता आला असता काय, हे प्रश्न लेखकाला पडत नाहीत आणि वाचकालाही त्यांची उणीव भासत नाही. आमच्या मते ही केवळ ललित लेखनाची मर्यादा नव्हे. ज्या समाजात हे लेखन होते, त्या समाजाजवळच या प्रश्नांची नोंदलेली उत्तरे फार थोडी आहेत.

उत्तरे थोडी असली तरी आकड्यांची टंचाई नाही. कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो, मांजर चौदा वर्षे जगते, हे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपासून गृहसंकुलातील गप्पांपर्यंत सर्वत्र निःशंकपणे सांगितले जाते. हे आकडे खोटे नाहीत. पण ते आपले नाहीत. ते कोठून आले आणि कोणाविषयी आहेत, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नये. कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो आणि कोणाला वगळून बोलतो, हे विचारण्याचेच तर शिक्षण आपण घेत आणि देत असतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये 'व्हेटकंपास' नावाचा प्रकल्प चालतो. ब्रिटनमधील पशुवैद्य आपल्या संगणकावर रोजच्या रुग्णांविषयी ज्या ओळी लिहून ठेवतात, त्या मालकाचे नाव वगळून एकत्र केल्या जातात. संशोधक त्यांतील शब्द शोधतात, टिपणे वाचतात आणि त्यांतून आजारांची वर्गवारी लावतात. म्हणजे या संख्याशास्त्राचा कच्चा माल गद्यच आहे. घाईत लिहिलेले आणि प्रसिद्धीचा विचारही न करता लिहिलेले गद्य. २०१६ या एका वर्षातील २२,३३३ कुत्र्यांच्या अशा नोंदी तपासून २०२१ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात सर्वाधिक आढळलेला विकार हिरड्या-दातांचा होता (१२.५ टक्के). त्याखालोखाल कानाचा दाह आणि लठ्ठपणा. इंग्लंडमधील मांजरांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्याचा मध्यक १४ वर्षे निघाला, मृत्यूच्या कारणांत अपघाती इजा (१२.२ टक्के) आणि मूत्रपिंडाचे विकार (१२.१ टक्के) आघाडीवर होते. ब्रिटनमधील ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२४ च्या निबंधात कुत्र्यांच्या आयुष्याचा मध्यक १२.५ वर्षे आला.

हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. दात, कान, लठ्ठपणा, म्हातारपणी थकलेले मूत्रपिंड. ज्या प्राण्याला दोन वेळचे अन्न, लस, छप्पर आणि डॉक्टर मिळालेला आहे, त्याचे हे आजार आहेत. अर्धी कुत्री ज्या वयापर्यंत पोहोचतात ते वय म्हणजे मध्यक. पण कोणत्या कुत्र्यांपैकी अर्धी? ज्यांचे नाव कोणत्या तरी दप्तरात चढले त्यांच्यापैकी. जे पिलू नोंद होण्यापूर्वीच मेले, ते या हिशेबात येतच नाही.

आता हाच प्रश्न आपल्या देशात विचारून पाहू. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील मानबी पॉल, अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिले जन्मापासून पाहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतील केवळ १९ टक्के पिले सात महिन्यांची झाली आणि एकूण मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंत माणसाचा हात होता. या पिलांच्या आयुष्याचा मध्यक काढला तर तो सात महिन्यांच्याही खाली येईल. एकीकडे साडेबारा वर्षे, दुसरीकडे सात महिनेही नाहीत. एकाच प्राण्याविषयीची ही दोन विधाने आहेत. दोन्ही खरी आहेत. फरक आहे तो कोणाला मोजले याचा.

कोणी म्हणेल, ही मोकाट कुत्री झाली, पाळीव नव्हेत. परंतु ही विभागणीही बरीचशी उसनी आहे. नाशिकच्या कोणत्याही जुन्या आळीत, मळ्यात किंवा वस्तीवर जावे. तेथील कुत्र्याला नाव असते, भाकरी मिळते, राखणीचे काम असते. पट्टा नसतो आणि दवाखान्यात केसपेपर नसतो. मांजर तर चार घरचे दूध पिते आणि कोणाचेच नसते. हे प्राणी पाळीव की मोकाट? इंग्लंडच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

रकान्यांचेच बोलायचे तर आणखी एक उदाहरण नाशिकच्या शेजारचे आहे. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून त्याचे खाद्य कोणते हे पाहिले. वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के आणि मांजरांचा १५ टक्के. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. 'रात्री वाघराने नेला' हे वाक्य त्याच्या तोंडी जुनेच आहे. मृत्यूचे एवढे ठळक कारण आयुर्मानाच्या परदेशी तक्त्यात शोधूनही सापडणार नाही.

रोगांचेही तसेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख येथील ५२५ कुत्र्यांचे रक्त तपासले गेले. हिपॅटोझून हा गोचिडांतून येणारा परजीवी ३० टक्के कुत्र्यांत आणि एर्लिकिया हा जंतू सुमारे २० टक्के कुत्र्यांत सापडला. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांत अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी केलेल्या अभ्यासात बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. या दोन्ही रोगांवर लस आहे. तेव्हा आपल्याकडची चिंता दातांपासून नव्हे, तर गोचीड, पार्व्हो, डिस्टेंपर, रस्त्यावरचे चाक आणि बिबट्या यांच्यापासून सुरू होते.

याचा अर्थ बाहेरचे ज्ञान टाकाऊ, असा आम्ही करीत नाही. साहित्यातील उसन्या निकषांविषयी आपल्याकडे देशीवादाच्या निमित्ताने अनेक दशके वाद झाला. त्याचा सोयीस्कर अर्थ लावून परके ते सारे त्याज्य ठरविणारेही पुष्कळ निघाले. येथे थोडा विवेक करावा लागेल. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले त्यांच्या आयुष्याचा मध्यक १३ वर्षे आला, इतरांचा ११.२. हे ज्ञान शरीराविषयीचे आहे. ते नाशिकमधील गुबगुबीत लॅब्रॅडॉरलाही लागू पडावे. परिस्थितीविषयीचे ज्ञान मात्र असे सहजी सीमा ओलांडत नाही. ते ज्या त्या ठिकाणीच मिळवावे लागते.

'जातिवंत' आणि 'गावठी' या आपल्या दोन शब्दांचीही या निमित्ताने झडती घ्यावयास हवी. कुत्र्याच्या बाबतीत हे शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्यातून आपली जुनी सवय डोकावते. संशोधनाने मात्र या उतरंडीला आधार दिलेला नाही. इंग्लंडमधील २०१३ च्या अभ्यासात संकरित कुत्री शुद्ध जातीच्या कुत्र्यांपेक्षा अधिक जगली. २०२४ च्या अभ्यासात शुद्ध जातीची कुत्री किंचित पुढे निघाली. चपट्या नाकाच्या फ्रेंच बुलडॉगचा मध्यक मात्र ९.८ वर्षांवरच थांबला. ज्या नाकासाठी हजारो रुपये मोजले जातात, त्याच नाकाने उन्हाळ्यात त्याला धड श्वास घेता येत नाही. 'जातिवंत' हा शब्द आरोग्याविषयी काहीच सांगत नाही. तो विकत घेणाऱ्याच्या हौसेविषयी सांगतो.

माणसांची दुखणी पडून असताना कुत्र्यामांजरांचे दप्तर कशाला, असा आक्षेप येईल. तो क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर रेबीजमध्ये आहे. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के प्रकरणांत कुत्र्याकडून येतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. तो रोखायचा तर ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु ज्या वस्तीत कुत्री लवकर मरतात आणि त्यांची जागा नवी पिले घेतात, तेथे यंदा गाठलेले ७० टक्के पुढील वर्षी उरत नाहीत. लसवंत कुत्री मेलेली असतात, नवी बिनलशीची असतात. किती कुत्री किती काळ जगतात हे ठाऊक नसेल, तर मोहीम पुन्हा केव्हा घ्यावी हेही ठरविता येत नाही. कुत्र्यामुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ साली जाहीर झाला. त्याचे यश कुत्र्याच्या आयुर्मानावरही अवलंबून आहे, आणि ते आयुर्मान इंग्लंडकडून उसने आणून चालणार नाही. गोदाकाठच्या वस्तीतील शाळकरी मुलाचा जीव या हिशेबाशी बांधलेला आहे.

महाराष्ट्राजवळ यासाठी साधने नाहीत असे नाही. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले. सरकारी दवाखान्यांची रचना गाय, बैल, म्हैस, शेळी यांना धरून झाली, हे कृषिप्रधान प्रांतात स्वाभाविकच होते. पण शहरांतील खाजगी दवाखान्यांत आज रोज कुत्रीमांजरे येतात, त्यांची लसीकरणाची पुस्तिका भरली जाते आणि ती मालकाच्या कपाटात पडून राहते. वय, लिंग, आजार, मृत्यूचे कारण एवढे चार रकाने जरी नाशिकसारख्या एका शहरातील दवाखान्यांनी सारख्या पद्धतीने भरले आणि एकत्र केले, तरी पाच वर्षांत आपल्याजवळ आपला म्हणावा असा आकडा येईल. मळ्यातल्या आणि आळीतल्या कुत्र्यांसाठी मात्र दवाखान्याबाहेर पडावे लागेल. लसीकरणाची मोहीम घराघरांशी जाते तेव्हाच ही विचारपूस करता येईल.

आणि लेखकांनी काय करावे? ललित निबंधाचा आम्ही रोगनिदान अहवाल करू पाहत नाही. परंतु लळ्याचे वर्णन करणाऱ्याने मृत्यूचे कारणही एका वाक्यात लिहावे, वय लिहावे, लस दिली होती की नव्हती हे लिहावे. त्याने करुणा उणावणार नाही. 'गेला' या क्रियापदामागे टाळता येण्याजोगा पार्व्हो होता हे कळले, तर पुढचे पिलू घरी आणणारा वाचक आधी लशीची चौकशी करील.