‘चालेल का?’ विचारणं बंद करा



परवाच्या व्हिडिओत मी बोलून गेलो की ‘चालेल’ म्हणजे ऑर्डर नव्हे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, मग ऑर्डर कशाला म्हणायचं? व्हिडिओत घाईघाईत राहून गेलं, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी माझा किस्सा. जव्हारला दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. वारली चित्रांचा छाप असलेल्या कापडी पिशव्या करायचं डोक्यात आलं. नमुना घेऊन एका रिसॉर्टच्या मॅनेजरकडे गेलो. ‘साहेब, पाहुण्यांना द्यायला या चालतील का?’ ते म्हणाले, ‘हो, चालतील की, छान आहेत.’ मी आनंदात घरी आलो आणि ३०० पिशव्या शिवायला टाकल्या. एक पिशवी ८५ रुपयांना पडली, म्हणजे २५,५०० रुपये अडकले. माल घेऊन गेलो तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, ‘चालतील म्हटलं होतं, घेतो कुठे म्हटलं होतं?’

मला खूप राग आला. पण वाईट हे की माणूस खरं बोलत होता. बीबीएला मार्केटिंगचा अख्खा पेपर होता, त्यात हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या पिशव्या दोन पावसाळे दुकानाच्या माळ्यावर होत्या, शेवटी पन्नास-पन्नासला काढल्या.

आता त्या शब्दाकडे बघा. ‘मला चालेल’ या वाक्यात चालणार कोण? गिऱ्हाईक नाही, माल. एक पिशवी ‘चालेल’, दोन पिशव्या ‘चालतील’. क्रियापद मालाच्या मागे जातं. गिऱ्हाईक ‘मला’ होऊन बाजूला खुर्चीत बसलंय. ते बाप्या असो की बाई, क्रियापदाला त्याचं काही देणंघेणं नाही. उलट ‘मी घेतो’, ‘मी घेते’ म्हणून बघा. इथे बोलणारा माणूस स्वतः क्रियापदात आला. तो पुरुष की बाई, हेसुद्धा कळतं. ऑर्डर ही इथे सुरू होते.

मधला शब्द ‘पाहिजे’. हे जुन्या मराठीतलं ‘पाहणे’चं कर्मणी रूप, म्हणजे मुळात ‘पाहिलं जातं, शोधलं जातं’ असं काहीसं. ‘मला पाहिजे’ म्हणणाऱ्याला गरज आहे, पण ती तुमच्याकडूनच आणि आजच भागवायची असं त्याने अजून ठरवलेलं नाही. चालेल, पाहिजे, घेतो. या तीन पायऱ्या आहेत आणि आपण पहिल्या पायरीवरच पेढे वाटतो.

हे फक्त मराठीचं नाही. सिल्वासाकडचा व्यापारी ‘चालशे’ म्हणतो, मुंबईचा ‘चलेगा’ म्हणतो. दोन्ही भविष्यकाळ आणि दोन्हीत माणूस बाजूला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा हाही ‘चालेल’च, त्याला तर क्रियापदसुद्धा नाही.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. चूक गिऱ्हाइकाची नाही, आपल्या प्रश्नाची आहे. मागे एका रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर फिनिश भाषेचा धडा बघत बसलो होतो. (हसू नका, दुकानदाराला रात्री काय काय बघायची सवय असते.) फिनलंडमध्ये ‘कसं काय?’ विचारायचं तर ‘मितॅ कूलू?’ म्हणतात. शब्दशः, ‘काय ऐकू येतं?’ त्या भाषेत पंधरा विभक्त्या आहेत. ‘चांगलं’ला त्यांचा साधा शब्द ‘ह्युवॅ’, शेवट आखूड. पण या प्रश्नाचं उत्तर देताना तो लांबवून ‘ह्युवॅऽ’ म्हणावा लागतो, कारण ‘मितॅ’ ज्या विभक्तीत आहे त्याच विभक्तीत उत्तर द्यायचं. प्रश्न ज्या साच्यातला, उत्तर त्याच साच्यातलं.

मी उठून बसलो. आपलंही तेच की! ‘चालेल का?’ विचारलं तर ‘चालेल’च ऐकू येणार. मॅनेजरला ‘घेतो’ म्हणायची जागाच मी दिली नव्हती.

मोखाड्याच्या बॅचमध्ये नागलीचे पापड करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी दोन दुकानांत विचारलं, ‘दादा, चालतील का?’ दोन्हीकडे उत्तर एकच, ‘चालतील, ठेवून जा.’ हे ‘ठेवून जा’ तर आणखी भारी. यात सगळं काम ताईंनी करायचं, दुकानदाराकडे फक्त फळी. पाऊस सुरू झाला आणि चाळीसमधली सव्वीस पाकिटं सादळून परत आली. त्यात नागली घरची, मेहनत घरची, म्हणून ताईंनी नुकसान मांडलंसुद्धा नव्हतं. मी वहीत मांडायला लावलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

मग काय विचारायचं? ‘किती घेताय?’ एवढं थेट विचारलं तर आपल्या भागात ते उर्मटपणाचं वाटतं, मान्य आहे. इथे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, म्हणून तर लोक ‘चालेल’ म्हणून सुटका करून घेतात. पाड्यावरून आलेलं, घरात वारली बोलणारं गिऱ्हाईक तर कधी कधी नुसतं मान हलवतं, ती मान म्हणजे ‘ऐकलं’ एवढंच. म्हणून आकडा आणि वार आपणच द्यायचा. ‘दादा, सोमवारी दहा पाकिटं आणू की वीस? पैसे तेव्हाच द्याल ना?’ आणि लगेच पुढे, ‘नको असतील तर नको म्हणा, मला चालेल.’ बघा, इथे ‘चालेल’ योग्य जागी आलं. समोरच्याचं ‘नको’ आपल्याला चालणार आहे.

आणि एक, हे लागलं तरी सांगतो. आपणही हेच करतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘शुक्रवारपर्यंत होईल का?’ आपण म्हणतो, ‘जमेल.’ कोणाला जमेल? ‘मला.’ म्हणजे पुन्हा आपण खुर्चीत आणि काम आपलं आपण जमणार! बॅचमध्ये मी ‘जमेल’ म्हणणाऱ्याकडून चहाचे पैसे घेतो. ‘शुक्रवारी संध्याकाळी देतो’ किंवा ‘देते’ म्हणायचं, नाहीतर ‘शुक्रवारी नाही देऊ शकत’ म्हणायचं. दुसरं म्हणताना घसा सुकतो, पण तेवढीच ऑर्डर जाते, नाव जात नाही.

दिवाळीनंतर निम्मा तालुका वीटभट्टीवर जायला निघतो, तोवर बाजारात जेवढा पैसा फिरायचा तेवढा फिरतो. त्याआधी पापडवाल्या ताई पुन्हा त्या दोन दुकानांत गेल्या. एकाने ‘सध्या नको’ म्हटलं. दुसऱ्याने जरा विचार केला आणि म्हणाला, ‘बारा घेतो, पुढच्या आठवड्याचं पुढे बघू.’ बाराचे पैसे ताईंनी तिथेच मोजून घेतले.