‘सौम्य लाठीमार’ म्हणजे काय हो?

टीव्हीवर ‘पोलिसांकडून सौम्य लाठीमार’ अशी पट्टी दिसली की मला एकच प्रश्न पडतो. सौम्य आहे हे ठरवलं कुणी? मारणाऱ्याने की खाणाऱ्याने?

हा शब्द पोलिसांच्या प्रेसनोटमधला. तिथून तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, डेस्कवर जातो आणि पाच मिनिटांत अँकरच्या तोंडी बसतो. मध्ये कुणी विचारत नाही, किती जण दवाखान्यात गेले? मार पायावर बसला की डोक्यावर?

अंतरवाली सराटी आठवा. १ सप्टेंबर २०२३. मनोज जरांगे यांच्या उपोषणाचा चौथा दिवस. पोलिस म्हणाले, आधी दगडफेक झाली. गावकरी म्हणाले, आधी लाठ्या पडल्या. जखमी दोन्हीकडे. म्हणजे सगळा वाद क्रमाचा होता. आणि हा क्रम स्टुडिओत बसलेला माणूस एका शब्दात ठरवून टाकतो. ‘दगडफेक झाली, त्यामुळे लाठीमार’ हे एक वाक्य. ‘लाठीमार झाला, त्यामुळे दगडफेक’ हे दुसरं. त्या ‘त्यामुळे’ला पुरावा कोणता होता? ४ सप्टेंबरला गृहखातं सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी लाठीमाराबद्दल माफी मागितली. सरकार माफी मागतं. पण पहिल्या रात्री पोलिसांचाच ‘त्यामुळे’ छातीठोकपणे वापरणारे आपला शब्द मागे घेताना तुम्ही कधी बघितलेत?

लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे तुम्ही आंदोलकांच्या बाजूचे. अजिबात नाही. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात घरं, कार्यालयं पेटवली गेली. त्याला जाळपोळच म्हणायचं. ‘भावनांचा उद्रेक’ म्हणणं हीसुद्धा ‘सौम्य लाठीमारा’चीच सख्खी बहीण. आणि बारा-बारा तास बंदोबस्ताला उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलचं डोकं फुटलं तर ती बातमी आहे, दोन ओळींची तळटीप नव्हे.

निःपक्षपातीपणा म्हणजे दोन प्रवक्ते आणून अर्धा-अर्धा तास भांडायला लावणं नव्हे. ती कोंबड्यांची झुंज झाली. निःपक्षपातीपणा म्हणजे दोघांनाही तेच कडक प्रश्न विचारणं.

प्रश्न कायद्यातच लिहिलेत. जमाव पांगवायचा तर आधी तसा आदेश द्यावा लागतो. आदेश देऊनही जमाव हलला नाही, किंवा हलणार नाही असं त्याच्या वागण्यावरून दिसलं, तर बळाचा वापर. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. मग विचारा ना साहेबांना, आदेश कुणी दिला? किती वाजता? लाऊडस्पीकरवर दिला का? लोकांना निघायला वाट होती का? साहेबांचा बाइट घेताना हे चार प्रश्न विचारायला चार मिनिटंही लागत नाहीत.

का विचारले जात नाहीत, तेही सांगतो. तालुक्याच्या गावातला स्ट्रिंजर बातमीमागे पैसे घेतो. उद्या त्याला त्याच पोलिस ठाण्यातून माहिती हवी असते. धक्काबुक्की सुरू झाली की तो पोलिसांच्या मागे उभा राहतो, कारण तिथे कॅमेरा फुटत नाही. त्यामुळे चित्रात आंदोलक अंगावर येताना दिसतात आणि पोलिसांची फक्त पाठ. त्या पोराला दोष देऊ नका. दोष त्या डेस्कचा, जो फोनवर पहिला प्रश्न विचारतो, ‘राडा झालाय का?’

राडा नसेल तर बातमी नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, आदिवासी सहा दिवस चालत मुंबईला आले. दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. एक काच फुटली नाही. बऱ्याच राष्ट्रीय वाहिन्यांना हा मोर्चा मुंबईच्या दारात आल्यावर दिसला. मग शांततेत बसलेल्या माणसाने यातून शिकायचं काय? कॅमेरा हवा असेल तर एसटी फोडा, हेच ना? वाहिन्या संध्याकाळी याच फुटलेल्या एसटीवर चर्चा घेऊन हळहळणार.

दाद मागायला वाहिन्यांची स्वनियमन संस्था आहे. पण ती सदस्य वाहिन्यांपुरती, आणि २०२३ मध्ये दंड किती होता, तर जास्तीत जास्त एक लाख! त्याचा धाक कुणाला वाटणार, असं सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये सुनावलं होतं.

तरी तक्रार करा. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि पट्टीचा फोटो जपून ठेवा, आधी वाहिनीला लेखी पाठवा, उत्तर पटलं नाही तर पुढे जा. दहा हजारांच्या शिव्यांपेक्षा दहा जणांचे नीट अर्ज जास्त टोचतात.

आणि धंद्यातल्या मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. दृश्य दाखवताना वेळ लिहा. लाठी असेल तर लाठी म्हणा, दगड असेल तर दगड म्हणा. ‘सौम्य’ किती ते बघणारा ठरवेल.