वाळूतली ठेव

समुद्रावर हरवलेली वस्तू समुद्राची झाली, असं आपण फार सहज म्हणतो. विसर्जनाच्या गर्दीत बोटातली अंगठी निसटते, लाटांशी खेळताना गळ्यातली साखळी तुटते. परतीच्या वाटेवर कुणीतरी समजूत घालतं, ‘दर्याला वाहिली म्हणायचं!’ पण आता वाळूखालचा धातू हुडकणारं यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, हौशी माणसालाही विकत मिळतो. तेव्हा हा हिशेब दर्याच्या खाती टाकून मोकळं होता येणार नाही.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातून निघणारं बदलतं चुंबकीय क्षेत्र वाळूत शिरतं, खालच्या धातूत वीज फिरू लागते, तिची चाहूल यंत्राला लागते आणि आपल्या कानात आवाज येतो. पांढऱ्या, कोरड्या वाळूत हे झकास चालतं. पण रत्नागिरीला एका बाजूला पांढरा समुद्र, तर दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा समुद्र! काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं. त्यात खारं पाणी स्वतःच वीजवाहक. अशा ओल्या वाळूवर साधं यंत्र पावलोपावली ओरडतं आणि खरी वस्तू त्या ओरड्यात बुडून जाते. गंमत अशी, की लाटा हलके कण वाहून नेतात, जड कण मागं ठेवतात. सोनंही जडच. म्हणजे अंगठी नेमकी तिथं जाऊन बसायची, जिथं यंत्र बहिरं!

यावर तोड निघाली आहे. काही यंत्रं क्षणभर विजेचा झटका सोडतात, किंचित थांबतात आणि मग ऐकतात. वाळूचा आणि मिठाचा प्रतिसाद लवकर विरतो, धातूचा रेंगाळतो. मात्र सोनं कोणतं आणि बाटलीचं बूच कोणतं, हे या यंत्रांना नीटसं उमगत नाही. म्हणून प्रत्येक आवाजाला खणावं लागतं. खिळे, पत्रे, बुचं उपसून कंबर मोडल्यावर एखादी अंगठी हाती आली, की माणसाला वाटतं, ही माझ्या घामाची कमाई.

इथंच माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. पण ठेवीदाराचा वा त्याच्या वारसाचा हक्क त्यामुळं बुडत नाही. कागद घेऊन तो केव्हाही येऊ शकतो. मग वाळूतल्या अंगठीला वेगळा न्याय का? १८७२ च्या करार कायद्याचं ७१ वं कलमही हेच सांगतं, की दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. जुनी नाणी, दागिने असं पुरलेलं धन मिळालं, तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन कलेक्टरला कळवावं, असं तो म्हणतो. तेव्हाचे दहा रुपये आणि आजचे दहा रुपये! ही मर्यादा वाढवायला हवी, म्हणजे प्रामाणिक माणसाला कायदा पाळणं हास्यास्पद वाटणार नाही.

तोवर किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीनं एक नोंदवही ठेवावी. काय सापडलं, कुठं, कधी, एवढं लिहावं. एक खूण मात्र मनात ठेवावी. ती सांगेल, वस्तू त्याची. खोदणाऱ्यानं खड्डे बुजवावेत आणि वेळाससारख्या किनाऱ्यावर कासवांच्या विणीच्या दिवसांत यंत्र घरीच ठेवावं. मालकानंही नुसत्या ‘थँक यू’वर न भागवता खोदणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावं. काळ्या वाळूतून अंगठी शोधून काढणं सोपं काम नाही. ती परत करणं तर त्याहून अवघड आहे.